लोहाचं ताट वेगळं, चहाची वेळ वेगळी : कशाबरोबर काय खाल्लं की अंगी लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूचं चौकोनी कुटुंब. आठवड्यातून चार-पाच दिवस नुस्तें (मासळी), सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहार). विचारणाऱ्या ताईंचं हिमोग्लोबिन ९.८, दहावीतल्या मुलीचं १०.९. सासूबाईंची हाडं ठिसूळ झाल्यामुळे त्यांना कॅल्शियमची गोळी सुरू आहे. घरात तांबडी भाजी, नाचणी, खजूर, गूळ सगळं येतं, तरी वर्षभर आकडा हलत नाही. तेव्हा कशाबरोबर काय खाल्लं म्हणजे अन्न अंगी लागेल, हळदीत मिरी घालावीच का, आणि माशांवर दूध प्यायलं तर चालतं का?

तुमच्या दिवसाचं जे वर्णन तुम्ही दिलंय त्यात माझ्या मते मुख्य अडचण ताटात नाहीच. सकाळी साडेआठला पाव, पातळ भाजी आणि चहा; दुपारी जेवण झाल्यावर पाऊण तासाने पुन्हा चहा. लोहाची दोन्ही मोठी जेवणं चहाला चिकटलेली आहेत. ती सोडवल्याशिवाय खजूर वाढवून काही होणार नाही.

भाजी, कडधान्यं, धान्यं, गूळ यांतलं लोह आतड्यात सहज शिरत नाही. ते बहुतांश फेरिक रूपात असतं. आतड्याच्या पेशीला ते फेरस रूपात लागतं, आणि तेही विरघळलेल्या अवस्थेत, ड्युओडेनम या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या छोट्या भागातून जाताना. तेवढ्या वेळात कोणी ते धरून बसलं, तर ते सरळ पुढे निघून जातं. धरून बसणारे मुख्यतः दोन : धान्य-कडधान्यांच्या सालीतलं फायटेट, आणि चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पॉलिफेनॉल. सोडवणारेही दोन : क जीवनसत्त्व आणि मासे-मांस. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आकडा एवढा मोठा दिसतो, कारण आपल्या जेवणातलं फक्त ८ टक्के लोह शोषलं जाईल असं त्यात धरलेलं आहे. म्हणजे शरीराला खरं हवं असतं दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. बाकीचं आत येऊन बाहेर जातं.

चहा नेमकं काय करतो ते स्वयंपाकघरात बघता येतं. लोहाची एक गोळी (फेरस सल्फेटची साधी गोळी) अर्धी वाटी कोमट पाण्यात चुरून विरघळवा, वरचं नितळ पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात दोन चमचे साधं पाणी, दुसऱ्यात दोन चमचे कोरा चहा. चहाचा पेला काही मिनिटांत काळपट-निळसर, शाईसारखा होतो. पूर्वी हिरड्याची शाई याच रसायनाने करत. ती काळी गोष्ट म्हणजे टॅनिनने पकडलेलं लोह. आता त्यात अर्धं लिंबू पिळा, रंग फिका व्हायला लागतो. पोटात अगदी असंच होतं असं म्हणणं फार सोपं करणं होईल, पण भांडण कोणाकोणात आहे हे त्यातून नीट कळतं. आवळा लोखंडी कढईत काळा का पडतो याचंही उत्तर हेच, आणि म्हणूनच कढईतून उतरलेलं सगळं लोह अंगी लागतं असं धरू नये. (प्रयोगाचं पाणी फेकून द्या, गोळ्यांची पाकिटं मुलांच्या हाती लागू देऊ नका.)

चहाच्या वेळेबद्दल एक बारकावा आहे आणि तोच बहुतेक जण उलटा पाळतात. १९८३ सालच्या एका जुन्या, नीट केलेल्या अभ्यासात जेवणाबरोबर घेतलेल्या कॉफीने लोहाचं शोषण साधारण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाआधी तासभर घेतली तर काही फरक पडला नाही. जेवणानंतर तासाने घेतली तर मात्र जेवणाबरोबर घेतल्याइतकंच नुकसान झालं. कारण उघड आहे : तासाभराने अन्न पोटातच असतं. तेव्हा चहा सोडायची गरज नाही, तो पुढे-मागे सरकवायचा. उठल्याबरोबर साडेसहाला चहा प्या. साडेआठला पाव-भाजी खा, पण बरोबर चहा नको. दुपारचं जेवण दीडला असेल तर चहा चारला. आपल्याकडे चारचा चहा तसाही ठरलेला, आणि त्याबरोबर पाव नाहीतर बिस्कीट असतं. त्यातल्या लोहाचं फार मनावर घेऊ नका. दूध घातलं म्हणून चहा निरुपद्रवी होत नाही. ग्रीन टी तर अजिबात नाही. जेवणावरची सुपारीही याच जातीची, तीही टॅनिनचीच गाठ.

आता क जीवनसत्त्व. याबद्दलचा घोळ मात्रेचा आहे. 'वर लिंबू पिळा' असं सगळेच सांगतात, मीही सांगते, पण एका चमच्यात (५ मिलि) लिंबाचा रस म्हणजे जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. त्यातल्या सायट्रिक आम्लाचा थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण लोहाच्या शोषणात ठळक फरक हवा असेल तर एका जेवणात २५ ते ५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पोटात जायला हवं. तेवढं मिळतं पेरूच्या दोन-तीन फोडींतून (२५-३० ग्रॅम), एका मध्यम संत्र्यातून, किंवा पाऊण वाटी कच्च्या ढोबळी मिरचीतून. एप्रिल-मे महिन्यांत काजूचं बोंड आहे. बिया काढून बोंडं भट्टीला जातात किंवा झाडाखाली कुजतात, पण क जीवनसत्त्वात ते संत्र्याला सहज मागे टाकतं. घसा धरतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. म्हणून फोडी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पाणी टाका, मग जेवणात घ्या.

सोलकढीवर गोव्यात फार भिस्त असते, म्हणून स्पष्ट सांगते. सुकवलेल्या दोन-चार सोलांतून (आमसुलांतून) मिळणारं क जीवनसत्त्व नगण्य असतं. आमसूल आंबट आहे म्हणून ते लिंबासारखं किंवा आवळ्यासारखं धरू नका. त्याचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. सोलकढीचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो, नारळाच्या रसातल्या स्निग्धांशासाठी. त्याकडे पुढे येते. आणि क जीवनसत्त्व उष्णतेने व पाण्याने मरतं. लिंबू हुमणात (माशांच्या आमटीत) उकळू नका, ताटात पिळा. कोशिंबीर तासभर आधी चिरून ठेवू नका.

मासे-मांस हा दुसरा सोडवणारा, आणि इथे आपल्या जेवणाच्या रीतीत एक मजेशीर खोट आहे. नुस्त्याच्या दिवशी शीत (भात), हुमण, तळलेली तुकडी; त्या दिवशी कडधान्य शिजत नाही. शिवराक दिवशी तोंडाक (कडधान्याची आमटी), खतखतें (मिश्र भाज्यांचं), मुगागाठी (मोडाच्या मुगाची). त्या दिवशी मासळी नाही. बांगड्यात स्वतःचं लोह बेताचंच असतं. त्याची किंमत अशी की त्याच्यासोबत खाल्लेल्या डाळीतलं, भाजीतलं लोह तो जास्त आत नेतो. पण शेजारी डाळच नसेल तर तो नेणार काय? म्हणून आठवड्यातून निदान तीनदा दोन्ही एका ताटात आणा. अळसांद्याच्या (चवळीसारखं कडधान्य) तोंडाकाच्या वाटीबरोबर तारलीची किंवा बांगड्याची एक तुकडी. सुंगटं (कोळंबी) घालून केलेली तांबडी भाजी तर कित्येक घरांत होतेच. ५०-६० ग्रॅम मासळी या कामाला पुरते, मोठा इसवण (सुरमई) लागत नाही.

तिसऱ्यो आणि खुबे (दोन्ही शिंपले) लोहाला आणि बी-१२ ला दोन्हींना चांगले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी महाग होते, लगोलग श्रावण येतो. म्हणजे कित्येक हिंदू घरांत जवळजवळ तीन महिने हा मदतनीस ताटातून गायब. बंदीच्या दोन महिन्यांत सुक्या सुंगटांची किसमूर चालवा : मूठभर सुकी सुंगटं डोकी-शेपट्या काढून मंद आचेवर भाजायची, ओलं खोबरं, कांदा, मीठ, आणि कोकमाऐवजी लिंबू. रक्तदाब असेल तर सुकी मासळी मात्र जपून, मीठ फार असतं. श्रावणात मग सगळा भार मोड आणि पेरूवर टाकायचा.

तांबड्या भाजीबद्दल दोन गैरसमज. तिचा तांबडा रंग लोहाचा नाही, रक्ताचाही नाही. तो बीटासारखा बीटासायनिन रंग आहे, कढईत सुटलेलं लाल पाणी प्यायल्याने रक्त वाढत नाही. दुसरं, तिच्यात कॅल्शियम भरपूर असलं तरी ऑक्झलेटही भरपूर, आणि ऑक्झलेटने बांधलेलं कॅल्शियम सुटत नाही. याच जातीच्या पालकावर मोजलेलं आहे : दुधातलं कॅल्शियम साधारण २७ टक्के शोषलं गेलं, पालकातलं ५ टक्के. आळू, तेरें (रानआळू) यांचंही तेच. तेऱ्यात आपण आंबाडे किंवा सोलं घालतो ती घशाची खाज मारायला. त्याने कॅल्शियम मोकळं होतं असं समजू नका.

मग ही भाजी खायची कशासाठी? बीटा-कॅरोटीनसाठी, म्हणजे ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं त्यासाठी, आणि फोलेटसाठी. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. त्याला आतड्यातून आत जायला पित्ताबरोबर स्निग्ध पदार्थ लागतो, जेवणात निदान ३ ते ५ ग्रॅम. इथे आपली पद्धत अगदी बरोबर आहे : वरून भुरभुरलेलं खोबरं. ओल्या खोबऱ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त स्निग्धांश असतो, म्हणजे दोन टेबलस्पून (१५ ग्रॅम) खोबऱ्यात पाचेक ग्रॅम. वर वेगळं तेल ओतायची गरज नाही. वजन कमी करायचं म्हणून जी मंडळी बिनखोबऱ्याची, नुसती वाफवलेली पालेभाजी आणि कच्चं गाजर खातात, त्यांच्या ताटातलं कॅरोटीन बव्हंशी फुकट जातं. बारीक चिरणं आणि शिजवणं यानेही फायदा होतो, कारण कॅरोटीन पेशीच्या भिंतींआड कोंडलेलं असतं. भोपळा, गाजर, लाल रताळं यांनाही हाच न्याय. सोलकढी इथे कामाला येते.

मुतखड्याचा इतिहास असेल तर उलटं. अशांनी पालेभाजी उकळून पाणी टाकावं (विरघळणारं ऑक्झलेट त्यातून जातं) आणि त्याच जेवणात दही घ्यावं, म्हणजे ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटून बाहेर जाईल. लोहाच्या कामाला जे नको ते खड्याच्या कामाला हवं. म्हणून 'हे ह्याच्याबरोबर खा' अशा सरसकट याद्यांवर माझा विश्वास कमी.

फायटेट सोडवायचं काम मात्र मनापासून करण्यासारखं आहे, कारण ते स्वस्त आहे आणि झिंक, लोह, कॅल्शियम तिन्हींना एकदम लागू पडतं. धान्याला पाणी लागलं की त्याच्यातलंच फायटेज हे एन्झाइम जागं होतं आणि फायटेट तोडायला लागतं. भिजवणं, मोड, आंबवणं, तिन्ही त्याला वेळ देण्याचे प्रकार.

मुगागाठीसाठी मूग असे करा. २०० ग्रॅम मूग तीन वेळा धुऊन ६००-७०० मिलि पाण्यात ८ ते १० तास. मे महिन्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर फेस येऊन आंबूस वास धरतो. भिजवल्याचं पाणी टाकायचं, त्यात सुटलेलं फायटेट असतं. मूग चाळणीत पंधरा मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही पायरी लोक घाईत गाळतात, आणि पावसाळ्यात मोड बुळबुळीत होण्याचं मुख्य कारण तेच. पातळ सुती फडक्यात सैल बांधून चाळणीवरच ठेवा, खाली हवा लागली पाहिजे. फडकं गच्च आवळलं की आतले दाणे गरम होतात आणि तिथून कुजायला सुरुवात होते. सकाळ-संध्याकाळ एक हबका पाणी. बारा ते अठरा तासांत अर्धा ते एक सेंटिमीटर मोड येतात, तेवढे पुरे. बोटभर लांब मोड आले की शिजताना मूग विस्कटतात. चिकट तार सुटली किंवा वास आला तर धुऊन वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. शिजवताना दाणे बुडतील इतकंच पाणी, हळद, झाकण, बारा-पंधरा मिनिटं. सोडा नको, त्याने बी-१ आणि क दोन्ही मरतात. वाटप घालून एक उकळी आली की उतरवा. मोडात थोडं क जीवनसत्त्व तयार होतं, पण शिजवल्यावर त्यातलं फारसं उरत नाही. म्हणून मुगागाठीच्या ताटात पेरूच्या फोडी हव्यातच.

अळसांदे, चवळी, वाटाणे, चणे यांना मोड आणायला वेळ नसेल तर निदान रात्रभर भिजवून पाणी बदला. फोडणीत कांदा-लसूण असेल तर बरंच. मैसुरूच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेमध्ये धान्य-कडधान्यांवर केलेल्या चाचण्यांत कांदा-लसणाने लोह आणि झिंक जास्त मोकळं झालेलं दिसलं. त्या काचेच्या नळीतल्या चाचण्या होत्या, माणसांवरच्या नाहीत. पण तोंडाकात लसूण घालायला कोणाला पुराव्याची वाट बघायचीय?

नाचणीकडे येऊ. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, धान्यांत पहिला नंबर. पण ते बरंचसं तपकिरी सालीत आहे आणि टॅनिन-फायटेटही त्याच सालीत. तिजान (नाचणीची खीर) करताना आपण नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतो आणि चोथा टाकतो. तिजान मऊसूत होतं, टॅनिन जातं, पण कॅल्शियमचा मोठा वाटाही चोथ्याबरोबर जातो. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला किंवा आजारी माणसाला गाळलेलं सत्त्व ठीक आहे. इतरांसाठी मोड आणून दळलेलं पीठ चांगलं. नाचणी १२ तास भिजवा, फडक्यात २४ ते ३६ तास मोड येऊ द्या, दोन दिवस कडक उन्हात वाळवा, हातावर चोळून मोडाचे तंतू पाखडून टाका, मंद आचेवर कोरडा वास येईपर्यंत परता, मग दळा. एकच सक्त ताकीद : हे काम जून ते सप्टेंबर करू नका. गोव्याच्या पावसाळी हवेत ओलं मोडधान्य दोन दिवसांत बुरशी धरतं, आणि ती बुरशी परतून, दळून विषमुक्त होत नाही. डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन किलो करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

तिजानात गूळ आणि नारळाचा रस असतो, ते उत्तम. गायीचं दूध घातलं तर कॅल्शियम वाढतं, पण मग त्या वाटीतून लोह मिळेल ही अपेक्षा सोडा. कॅल्शियम भाजीतल्या आणि मासळीतल्या, दोन्ही प्रकारच्या लोहाला आडवं येतं. फार घाबरायचं कारण नाही : महिनोन्‌महिने पाहिलं तर शरीर जुळवून घेतं, आणि ज्यांचं हिमोग्लोबिन ठीक आहे त्यांनी जेवणात दह्याची वाटी खुशाल घ्यावी. तुम्ही आणि मुलगी मात्र सध्या दही, ताक, दूध दुपारच्या जेवणातून काढून संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास किंवा झोपताना घ्या. तुमच्या घरात हे सोपं पडेल : दुपारचं ताट लोहाचं, संध्याकाळ कॅल्शियमची.

गूळ-खजूर आवडतात म्हणून खा. चहाचा चमचाभर गूळ आणि तीन खजूर यांतून मिळणारं लोह इतकं थोडं आहे की त्याने हिशेब बदलत नाही.

पोळी, म्हणजे पदेराची (पाववाल्याची) कोंडा लावलेली, हिच्याबद्दल दोन शब्द. कोंड्यात झिंक-लोह आहे, फायटेटही आहे. पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ रात्रभर फुगत असे, तेवढ्या वेळात फायटेट बरंच तुटायचं. बाजारी यीस्टवर तासा-दोन तासांत फुगवलेल्या पिठाला तो वेळ मिळत नाही. तुमचा पदेर रात्री पीठ मळून पहाटे भाजत असेल तर त्याची पोळी घ्या. सान्नांचंही (इडलीसारख्या) तसंच, आंबलेली चांगली.

शीत आणि डाळ यांची जोडी सगळ्यांना ठाऊक आहे : तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी (दोन्ही प्रथिनांचे घटक), एकमेकांची उणीव भरून निघते. सुक्या वजनाने तीन भाग तांदूळ, एक भाग डाळ. एकाच घासात नको, एका दिवसात झालं तरी चालतं.

हळद-मिरीचं वेड. १९९८ साली बंगळुरूत झालेल्या अभ्यासात हळदीतल्या २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तातलं करक्युमिन वीसपट वाढलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आकडे नीट बघा. हळदीत करक्युमिन असतं साधारण ३ टक्के. दोन ग्रॅम करक्युमिनसाठी पासष्टेक ग्रॅम हळद लागेल. हुमणातल्या पाव चमचा हळदीत ते वीस-पंचवीस मिलिग्रॅम असतं. वाटपात चार मिरी आणि नारळ आहेच, तेवढं बस. गरम दुधात हळद-मिरी घालून रोज रात्री प्यायचं तर चवीसाठी प्या. मात्र मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नका. पायपरिन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं.

माशांवर दूध प्यायल्याने कोड उठतं याला आधार नाही. कोड हा त्वचेतल्या रंगपेशींचा आजार आहे, ताटातून येत नाही. तुमच्यापुरतं दूध नको म्हणते ते फक्त वर सांगितलेल्या लोहाच्या कारणाने.

आता जे सांगायला मला फारसं आवडत नाही. हिमोग्लोबिन ९.८ वरून १२ वर न्यायला किती लोह लागतं याचा हिशेब करा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. ५० किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त. २.२ ची वाढ म्हणजे सुमारे ७० ग्रॅम नवं हिमोग्लोबिन, म्हणजे जवळजवळ २५० मिलिग्रॅम लोह, रोजची झीज सोडून. ताटात रोज १५ मिलिग्रॅम लोह असेल आणि सगळ्या जोड्या जुळवून शोषण ८ वरून १२ टक्क्यांवर नेलं, तर रोजचे मिळतात ०.६ मिलिग्रॅम जास्त. चारशे दिवस! लोह कमी असताना शरीर शोषण आपणहून वाढवतं, त्यामुळे प्रत्यक्षात इतके दिवस लागणार नाहीत, पण तुमचं काम नुसत्या जेवणाने लवकर होणार नाही एवढं नक्की. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तुमच्याकडे आहे ते दुर्मीळ नाही, आणि गोळी घेणं हा स्वयंपाकाचा पराभव नाही.

गोळीचेही नियम आहेत. ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. दूध, चहा, अँटासिड, कॅल्शियम यांच्यात आणि तिच्यात निदान दोन तास. गोळीतलं लोह आधीच फेरस रूपात असतं, त्यामुळे तिला क जीवनसत्त्वाची जोड लागतेच असं नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बिघडत नाही. मळमळ झाली तर पोळीच्या तुकड्याबरोबर घ्या, थोडं शोषण घटेल पण गोळी सुटणार नाही. शौच काळं होतं, ते अपेक्षित आहे. एका गोळीनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक दिवसभर चढतं आणि पुढच्या गोळीचं लोह अडवतं. म्हणून काही जणींना दिवसाआड गोळी जास्त मानवते. दिवसाआड की रोज, हे डॉक्टरांनी ठरवू द्या.

सासूबाईंची कॅल्शियमची गोळी पाकिटावर वाचा. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे ५०० मिलिग्रॅम खरं कॅल्शियम. एका वेळी त्याहून जास्त घेण्यात अर्थ नाही, जास्तीचं नीट शोषलं जात नाही. कार्बोनेट असेल तर जेवल्यावर, सायट्रेट असेल तर कधीही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर कॅल्शियम नुसतंच येऊन जातं, तेव्हा तेही तपासून घ्या. थायरॉइडची गोळी त्यांना सुरू असेल तर कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. आम्लपित्तावर वर्षानुवर्षं गोळी चालू असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेटबद्दल विचारा, आणि बी-१२ सुद्धा बघा. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेत असतील तरी बी-१२ बघा. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असलेल्यांनी मात्र पालेभाजी अचानक वाढवू किंवा थांबवू नये.

तुमच्या घरापुरतं बसवायचं तर : साडेसहाला चहा. साडेआठला पोळी, पातळ भाजी, कच्चा कांदा, लिंबू आणि पेरू किंवा संत्रं. साडेअकराला लोहाची गोळी. दीडला शीत, मोडाचं किंवा भिजवलेल्या कडधान्याचं काहीतरी, खोबरं घातलेली भाजी, नुस्त्याच्या दिवशी एक तुकडी, आणि परत एखादं क जीवनसत्त्वाचं फळ. चारला चहा. सहाला दही किंवा दूध घातलेलं नाचणीचं तिजान. रात्री काय हवं ते. मुलगी डबा नेत असेल तर डब्यात पेरू चिरून नको, अख्खा द्या. चिरलेला काळा पडतो आणि तसाच घरी परत येतो.

गोळी सुरू करण्याआधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) एकदा करून घ्या. लाल पेशी लहान आहेत पण फेरिटिन चांगलं आहे असं निघालं तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि तिथे लोह ओतून उपयोग नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा, गळकी घागर कितीही भरली तरी रिकामीच राहते. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन परत बघा, त्याच प्रयोगशाळेत. निदान १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. दिसली नाही तर आधी चहाची वेळ आणि किती गोळ्या चुकल्या ते प्रामाणिकपणे मोजा, आणि तिथे सगळं ठीक असेल तर वाट न बघता पुढच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जा.